पहिले पाढे

चार महिन्यांचा होता तेव्हा सगळं शिकला होता.
दात लागला की मी "आय" म्हणायचो,
तो थबकायचा, जिभेनं माफी मागायचा.
मी बंदरभर सांगत सुटलो,
सिल्ड शहाणा झाला.
सिल्ड म्हणजे हेरिंग. रंगही तसाच,
पाठीवर निळसर, पोटाशी चांदी.

आता नववा महिना चालू आहे
आणि पहिले पाढे पंचावन्न.

वार्डोत नोव्हेंबर सरता सरता सूर्य जातो
तो जानेवारी अर्धा उलटला तरी फिरकत नाही.
वाऱ्याला मात्र रजा नसते.
दुपारी दोनच्या काळोखात
दिव्याच्या खांबाखाली सिल्डच्या अंगात येतं.
शेपूट आत, पाठीची कमान,
माझ्याभोवती चार फेऱ्या, मग बाही,
बाहीतून मनगट.
चावणं नाही ते. चावला असता
तर चिडता तरी आलं असतं.
नुसतं धरतो तोंडात,
बोलण्याच्या भरात माणसं
समोरच्याचा दंड धरतात ना,
आणि सोडायला विसरतात.

पण मला रक्त पातळ करायच्या गोळ्या आहेत.
नुसत्या धरण्याचीही
माझ्या कातडीवर जांभळी नोंद होते.

मंगळवारी सूलफ्रीड आली, पालिकेची नर्स.
रक्तदाबासाठी बाही वर केली
आणि पट्टा हातात धरून तशीच बसली.
"हाल्वर्ड, घरात येणंजाणं कुणाचं असतं?"
मी हसलो. ती हसली नाही.
मी टेबलाखाली बोट दाखवलं.
आरोपी माझा मोजा चघळत होता.
"देऊन टाका कुणाला," ती म्हणाली,
"सत्त्याहत्तराव्या वर्षी कशाला हे लचांड?"
आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मी बंदरावर क्रेन चालवायचो.
लोंबतं ओझं झुलायला लागलं
की नवशिका घाबरून उलटा हिसका देतो.
झोका वाढतो.

म्हणून मी खांब होतो.
हात बगलेत, नजर समुद्राकडे.
तो उडी मारतो, मी खांब.
तो भुंकतो, मी खांब.
कोटाचं बटण तुटतं,
मी बटण नसलेला खांब.
शाळेतून परतणारी पोरं
रस्ता ओलांडून पलीकडून जातात.

घरात असलो तर न्हाणीघरात जातो,
दार लावून वीसपर्यंत मोजतो.
(एकदा त्रेसष्टपर्यंत मोजलं.
आत फार शांत होतं.)
बाहेर येताना हातात कॉडची वाळकी कातडी,
घे, हे चाव.
कधी त्याला शिकवायचं काहीच नसतं,
फक्त झोपवायचं असतं,
पेंगुळलेलं पोर लग्नघरात धिंगाणा घालतं तसा
तो घालत असतो.

काही दिवस जमतं.
गुरुवारी जमलं नाही. मी ओरडलो,
कपाटातल्या बशा वाजतील एवढ्या मोठ्यानं.
त्यानं शेपूट हलवली.
त्याला वाटलं, मीही खेळायला आलो.

मग सूर्य आला. नखाएवढा आधी,
दोन दिवसांनी पुरता.
गाव किल्ल्यावर जमलं, तोफ डागली.
सिल्डच्या आयुष्यातली पहिली तोफ.
त्यानं झडप घालून माझं मनगट धरलं
आणि मी सवयीनं खांब व्हायला लागलो,
पण दात कुठंच नव्हते.
गरम, ओलं, थरथरतं एक तोंड,
त्यात माझा हात.
मी काढला नाही.
शेजारी सूलफ्रीड थर्मासमधून कॉफी ओतत होती.
तिनं पाहिलं.
वही नव्हती तिच्याजवळ.

घरी आलो. दारातच त्यानं
माझ्या डाव्या हातमोज्याचा अंगठा उसवून टाकला.
मी न्हाणीघरात गेलो. एक, दोन, तीन.
अकरावर थांबलो.
खिडकीच्या काचेवर जरासा उजेड होता
आणि दाराच्या फटीखाली
एक नाक.